वाय-फाय : हवेतली रांग

वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. घरापर्यंत इंटरनेट येते ते तारेतून, हल्ली बहुधा केसासारख्या बारीक काचेच्या फायबरमधून. वाय-फाय हा त्यापुढचा, राउटरपासून फोनपर्यंतचा काही मीटरांचा टप्पा. ‘नेट स्लो आहे’ म्हणून शिव्या कंपनीला बसतात, पण दुखणे पुष्कळदा या शेवटच्या टप्प्यातच असते.

भिंतीवरच्या एका खोक्यात दोन-तीन यंत्रे कोंबलेली असतात. एक भाग फायबरमधून आलेल्या प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करतो. दुसरा भाग म्हणजे खरा राउटर. तो घरातल्या प्रत्येक उपकरणाला, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, खासगी पत्ता वाटतो. बाहेरच्या जगाला मात्र सहसा साऱ्या घराचा एकच पत्ता दिसतो. आलेले माहितीचे पाकीट नातीच्या टॅबचे की आजोबांच्या फोनचे, याची नोंद राउटर ठेवतो. सोसायटीच्या गेटवर आलेले पार्सल नेमक्या फ्लॅटला धाडणाऱ्या वॉचमनचेच हे काम. तिसरा भाग रेडिओचा. त्याची ताकद साधारण शंभर मिलिवॅट, म्हणजे रात्री लावायच्या झिरोच्या एलईडी दिव्याहूनही कमी.

हा रेडिओ मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ या दोन पट्ट्यांत बोलतो. त्यातला पहिला पट्टा एके काळी जवळजवळ टाकाऊच समजला जाई, कारण मायक्रोवेव्ह ओव्हनसारखी उपकरणे तिथे गोंगाट करत. अमेरिकेने १९८५ मध्ये असे काही पट्टे विनापरवाना संपर्कासाठी मोकळे केले, भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. वाय-फायचे पहिले मानक १९९७ चे, त्याचा वेग सेकंदाला जेमतेम २ मेगाबिट. आता तो आकडा कागदावर गिगाबिटमध्ये गेला आहे. ‘वायरलेस फिडेलिटी’ हे वाय-फायचे पूर्ण रूप मात्र मागाहून चिकटलेले. मूळ शब्द एका जाहिरातक्षेत्रातल्या कंपनीने सुचवलेले नुसते नाव आहे.

परवाना नको म्हटल्यावर गर्दी आलीच, आणि गर्दी आली की पाळी लावावी लागते. याचा पहिला धडा हवाई बेटांवर गिरवला गेला. नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये तिथल्या विद्यापीठात ‘अलोहानेट’ हे रेडिओजाळे चालू केले. त्यात नियम सोपा होता : पाठवायचे, दुसऱ्याशी टक्कर झाली तर वाटेल तेवढे थांबून पुन्हा पाठवायचे. वाय-फाय याहून शिस्तीचे. उपकरण आधी कान देते. शांतता असली तरी लगेच तोंड उघडत नाही, एक लहानसा यादृच्छिक काळ थांबते आणि मग बोलते. पोच आली नाही तर पुन्हा तेच. पट्ट्याच्या एका तुकड्यावर, म्हणजे चॅनेलवर, एका वेळी एकानेच बोलायचे, हा मूळ नियम.

‘फुल रेंज आहे, तरी चालत नाही’ या नेहमीच्या कोड्याचे उत्तर इथे आहे. दूरच्या खोलीतला फोन चुका टाळण्यासाठी सावकाश बोलतो आणि तेवढाच मजकूर पाठवायला जास्त वेळ हवा अडवून ठेवतो. बँकेच्या खिडकीवर एकाने चिल्लरची पिशवी उघडली की मागची सगळी रांग ताटकळते, तसे. शेजाऱ्याचा राउटर त्याच चॅनेलवर असेल तर तोही याच रांगेत. पासवर्ड वेगळा असला तरी हवा एकच. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीनच : १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात जागा मुबलक, पण भिंतीपुढे तो लवकर दमतो. वाय-फाय ६ पासून एकाच पाळीत चॅनेलचे तुकडे करून अनेकांचे काम उरकण्याची सोय आली आहे; मात्र राउटर आणि फोन दोघांनाही ती येत असली पाहिजे.

प्लायवूडचे पार्टिशन लहरींना फारसे जाचत नाही. सळ्यांचे काँक्रीट, जुन्या वाड्याची जाड दगडी भिंत, आरसा, लोखंडी कपाट आणि पाण्याची टाकी हे खरे वैरी. तरीही राउटर टीव्हीमागे किंवा माळ्यावर दडवला जातो, केवळ तो दिसायला बरा नाही म्हणून. त्याची जागा घराच्या मध्यावर, उघड्यावर आणि थोड्या उंचीवर. स्वस्त रिपीटरने पल्ला वाढतो, पण एकाच रेडिओवर ऐकून पुन्हा बोलायचे म्हणजे प्रत्येक पाकीट हवेत दोनदा जाते आणि वेग निम्म्यावर येतो. दुसऱ्या खोलीत तार ओढून तिथे वेगळा ॲक्सेस पॉइंट बसवणे केव्हाही चांगले.

कार्यालयांत हेच करतात. छताला लावलेल्या पांढऱ्या चकत्या म्हणजे असेच ॲक्सेस पॉइंट; त्यांना डेटा आणि वीज एकाच केबलमधून मिळते. त्यांची ताकद मुद्दाम कमी ठेवतात आणि शेजारच्या चकतीला वेगळा चॅनेल देतात, म्हणजे रांगा लहान राहतात. एक चकती सोडून दुसरी कधी धरायची हे मात्र बहुतांशी फोनच ठरवतो. म्हणून मीटिंगच्या खोलीत शिरल्यावरही तो जुन्याच चकतीला चिकटून बसतो. पाहुण्यांचे जाळे वेगळे असते, कारण त्यांना प्रिंटर आणि सर्व्हर दिसू नयेत.

हवेतले बोलणे कोणालाही ऐकू येते, म्हणून ते कूटबद्ध करावे लागते. पहिली पद्धत, वेप, २००१ पर्यंत मोडीत निघाली. २००४ ची डब्ल्यूपीए-२ अजून टिकून आहे. मात्र जोडणीच्या वेळचा संवाद टिपून सोपा पासवर्ड घरबसल्या हुडकता येतो. २०१८ च्या डब्ल्यूपीए-३ ने ती वाट बंद केली. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड या सगळ्याहून वेगळा. तो पुष्कळ घरांत पहिल्या दिवसापासून ‘ॲडमिन’च असतो, आणि वाय-फायवर घेतलेल्या कोणत्याही पाहुण्याला त्या जोरावर घरच्यांचा पासवर्डही बदलता येतो.