चमच्यातलं लोखंड, ताऱ्यातला पारा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी संध्याकाळपासून थांबलो होतो. भट्टीत भंगार वितळून पिवळाधमक रस झाला होता. भट्टीवरच्या माणसाने लांब दांड्याचा चमचा आत घातला, रस छोट्या साच्यात ओतला आणि लालबुंद टिकली पाण्यात टाकली. पाणी चर्र करून उसळलं.

ती टिकली लगेच प्रयोगशाळेत आली. इथे तिला ‘सॅम्पल’ म्हणतात आणि ज्या यंत्रावर ती ठेवायची त्याला नुसतं ‘स्पेक्ट्रो’. बदनापूरकडच्या तरुण केमिस्टने तिचा पृष्ठभाग घासून चकचकीत केला आणि यंत्राच्या भोकावर दाबून बसवला. आरगॉन वायूचा फुसकारा आला, मग ठिणग्यांची तडतड. पडद्यावर आकडे उमटले: कार्बन, मँगनीज, सिलिकॉन, गंधक, फॉस्फरस. ‘५०० डी’ प्रतीच्या सळईत कार्बन ०.२५ टक्क्याच्या वर जाता कामा नये, गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०४०च्या वर नाही. ठिणगीत प्रत्येक मूलद्रव्याचे अणू आपापल्या ठरावीक रंगांच्या रेषा फेकतात. रेषा किती तेजस्वी आहे, त्यावरून यंत्र प्रमाण सांगतं.

मी विचारलं, “एवढ्या टनांच्या भट्टीतून एक चमचा. तो खरं बोलतो कशावरून?”

“भट्टीच ढवळते ना सर,” तो म्हणाला. “करंट चालू असला की रस आपोआप घुसळतो. वरचं-खालचं एकच होतं. ढवळल्याबिगर चमचा घालायचाच नाही.”

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं, कारण मला वर्षानुवर्षं ज्या ताऱ्यांचं वेड आहे, त्यांचं सगळं कोडं त्यात होतं.

दुसऱ्या रात्री अंबडच्या रस्त्यालगत एका शेतात उभा राहिलो. कार्तिक होता. नऊच्या सुमारास महाश्वाचा मोठा चौकोन डोक्यावर आला होता. त्याची पश्चिमेकडची बाजू म्हणजे पूर्वा भाद्रपदा, पूर्वेकडची उत्तरा. उत्तरा भाद्रपदेतल्या दोन ताऱ्यांपैकी वरचा, उत्तरेकडचा, तो अल्फेराट्झ. अंतर सुमारे ९७ प्रकाशवर्षं. पारा आणि मँगनीज यांच्या रेषा ज्यांच्यात अवाजवी ठळक दिसतात, अशा ताऱ्यांत हा आपल्या आकाशातला सर्वांत तेजस्वी. फरक इतकाच, की ठिणगीतल्या रेषा उजळ असतात, ताऱ्याच्या वर्णपटातल्या काळ्या.

पाऱ्याची अशी एक रेषा ३९८.४ नॅनोमीटरवर, जांभळ्या रंगात असते. ती बारकाईने उलगडली की आणखी एक गोष्ट कळते. पाऱ्याचे सात स्थिर समस्थानिक आहेत. मूलद्रव्य एकच, फक्त अणूंचं वजन थोडं वेगळं, आणि त्यामुळे रेषेची जागाही किंचित सरकते. २०० आणि २०४ वजनाच्या समस्थानिकांच्या रेषांत नॅनोमीटरच्या सुमारे साठाव्या भागाचं अंतर. पृथ्वीवरच्या पाऱ्यात २०४चा वाटा सात टक्क्यांहूनही कमी. पण वृक मंडलातल्या ‘काई लुपी’ या ताऱ्यात जो पारा दिसतो, तो जवळपास सगळा २०४. हबल दुर्बिणीच्या वर्णपटांनी हे अगदी पक्कं केलं. अल्फेराट्झ वेगाने फिरतो, त्याच्या रेषा पसरट होतात, म्हणून इतकं बारीक वाचन तिथे अवघड. काई लुपीच्या रेषा मात्र सुईसारख्या. मँगनीजच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही, त्याचा स्थिर समस्थानिक एकच, ५५.

१९५०-६०च्या दशकांत काही शास्त्रज्ञ अशा ताऱ्यांत इतका पारा कुठून आला, याचं उत्तर अणुकेंद्रांच्या प्रक्रियांत शोधत होते. १९७० साली जॉर्ज मिशो यांनी वेगळा विचार मांडला: इथे नवं काही घडलेलं नाही, जे आहे तेच निवडलं गेलं आहे. हे तारे १० ते १५ हजार अंश तापमानाचे, बहुतेक सावकाश फिरणारे, वरचे थर अगदी शांत. सूर्याचे बाहेरचे थर उकळत्या पाण्यासारखे घुसळतात; इथे तसं होत नाही. आमच्याकडे खळ्यावर वावडीवर उभं राहून धान्य उपणतात, वारा भुसा नेतो, दाणा पायाशी पडतो. ताऱ्यात वाऱ्याचं काम खालून येणारा प्रकाश करतो, पण तो वजन पाहत नाही. जो अणू त्याचे रंग जास्त शोषतो, तो वर ढकलला जातो. हीलियम खाली बसतो, पारा वर ढगासारखा तरंगतो. त्यातही जडच समस्थानिक का टिकावा, हे अजून पूर्ण उलगडलेलं नाही.

अल्फेराट्झवरचे पाऱ्याचे ढग स्थिरही नाहीत. सात वर्षांच्या निरीक्षणांत त्यांची रचना बदललेली दिसली; ओलेग कोचुखोव आणि सहकाऱ्यांनी ते २००७ साली प्रसिद्ध केलं.

म्हणून या ताऱ्यांच्या वर्णपटावरून अख्ख्या ताऱ्याचा हिशेब मांडणं चूक ठरेल. चमचा इथे न ढवळलेल्या भट्टीत बुडवलेला आहे. पारा साचला आहे तो वरच्या पातळ थरात.

अल्फेराट्झ कार्तिकात गच्चीवरूनही दिसेल. काई लुपीसाठी वैशाखाच्या अखेरीस, मध्यरात्रीच्या आसपास, गावाच्या दिव्यांपासून दूर जा आणि दक्षिणेला अनुराधेच्या खाली पाहा. तारा चौथ्या प्रतीचा आहे, नुसत्या डोळ्यांना दिसतो.