गाठ गर्भाशयात, निर्णय कोणाचा?

गर्भाशयात गाठ निघाली की आमच्या वस्त्यांतल्या बाईला दोनच वाक्ये ऐकू येतात : 'आता मूल होणार नाही' आणि 'पिशवी काढून टाका'. दोन्ही सरसकट खरी नाहीत.

फायब्रॉईड ही गर्भाशयाच्या स्नायूची गाठ. ती सहसा कर्करोगाची नसते. गाठ कुठे व केवढी, यावर सारे ठरते. आतल्या पोकळीत वाढणारी गाठ गर्भ रुजण्यात अडथळा आणते, गर्भपाताचा धोका वाढवते. बाहेरच्या अंगाची लहान गाठ सहसा गर्भधारणेच्या आड येत नाही. मोठी गाठ असेल तर गरोदरपणी पोटदुखी, मूल आडवे किंवा पायाळू राहणे, दिवस भरण्याआधी बाळंतपण, सिझेरियन, बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव हे धोके संभवतात. तरीही गाठी असलेल्या बहुतेक बाया सुखरूप बाळंत होतात. मात्र हे बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात, जसे आपल्या शहरातील घाटीत, व्हावे. मूल हवे असेल तर पिशवी राखून नुसती गाठही अनेकदा काढता येते.

हे बाईला सांगितले जात नाही, तेव्हा काय होते ते शेजारच्या बीडने दाखवले. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे समितीपुढे आले, की पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. ज्यांचा खाडा झाला की मजुरी कापली जाते, त्याच या भूमिहीन बाया.

कायदा बाईच्या बाजूने आहे. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की तपासणीची संमती म्हणजे गर्भाशय काढण्याची संमती नव्हे. जिवावर बेतले नसेल तर रुग्णाला विचारल्याशिवाय पिशवी काढता येत नाही. एप्रिल २०२३ मध्ये याच न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश राज्यांना दिले.

मजूर बाईच्या बाळंतपणाच्या हक्कासाठी बाबासाहेब १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात उभे राहिले होते. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्या आम्ही एवढे तरी करावे : प्रत्येक विहारात महिला मंडळाने हा विषय घ्यावा. सोनोग्राफीचा कागद मागा, गाठ कुठे आहे ते विचारा, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या, न वाचता अंगठा देऊ नका. शरीर बाईचे आहे, निर्णयही तिचाच.