लहान पेढीची दूरध्वनी-व्यवस्था

ज्या पेढीत आठ-दहा माणसे निरनिराळ्या खोल्यांत बसून काम करतात, तिला प्रत्येक मेजासाठी बाहेरची स्वतंत्र लाइन घेण्याचे प्रयोजन नसते. सर्वजण एकाच क्षणी बाहेर बोलत नसल्यामुळे दोन-तीन लाइनी ईपीएबीएक्स यंत्राला जोडून त्यातून अंतर्गत एक्स्टेन्शने काढली, म्हणजे काम निर्वेध चालते.

साध्या ॲनालॉग यंत्रात प्रत्येक एक्स्टेन्शनला तांब्याच्या तारांची एक जोडी पुरते. मात्र कोणती जोडी कोणत्या खोलीत जाते याची नोंद ठेवण्यात बहुधा हयगय होते, आणि पुढे बिघाड झाल्यावर कारागिराला एकेक तार तपासत बसावे लागते. म्हणून प्रत्येक टोकाला क्रमांकाची चिठ्ठी लावण्याचा आग्रह मालकाने धरलाच पाहिजे. अर्थिंगची तजवीज झाल्यावाचून यंत्र भिंतीवर चढवू नये, कारण पावसाळ्यात वीज कडाडली असता बाहेरच्या लाइनीवाटे येणारा विद्युद्दाब नाजूक मंडले जाळून टाकू शकतो.

बाहेरचा फोन प्रथम कोठे वाजावा, परगावी बोलण्याची मुभा कोणास असावी, हे आधी कागदावर ठरवावे. मग यंत्रात तशी योजना करणे थोड्या वेळाचे काम आहे. वीजपुरवठा खंडित होताच एक लाइन थेट एका फोनला जोडून देणारी सोय यंत्रात आहे की नाही, हे खरेदीपूर्वी अवश्य विचारून घ्यावे.