रस्त्यातली बाग ठेवायची की काढायची?

शहरात वाहनांची कोंडी झाली की पहिली कुऱ्हाड कुणावर पडते? रस्त्याच्या मधोमध मुकाट्यानं उभ्या असलेल्या बोगनवेलीवर! 'हे दुभाजक काढा, निदान अरुंद तरी करा, रस्ता आपोआप मोकळा होईल,' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. 'एकही झाड जाता कामा नये,' असं म्हणणारेही भेटतात. हा वाद इंजिनिअरांचा, आपल्याला त्यात काय कळतं, असं म्हणून आपण बायका पान उलटतो. पण मैत्रिणींनो, रोज तोच रस्ता ओलांडून भाजी, शाळा नि दवाखाना कोण करतं?

चला, घरखर्चासारखाच याचाही हिशेब मांडू या. दुभाजक दीड मीटर रुंदीचा आहे असं धरा. तो समूळ काढला तर प्रत्येक बाजूला पाऊण मीटर जागा मिळते. वाहनांच्या एका रांगेला साधारण साडेतीन मीटर रुंदी लागते. म्हणजे पाऊण मीटरमध्ये मोटारींची नवी रांग बसत नाही; फार तर एखादी स्कूटर घुसेल. उलट रस्त्याच्या कडेला उभी केलेली एकच मोटार पावणेदोन-दोन मीटर जागा अडवून बसते. मग आधी काय हलवायचं? घरात जागा पुरेना झाली तर आपण अडगळ काढतो, देवघर नाही काढत!

अर्थात दुसरी बाजूही खरी आहे. माझे धाकटे दीर रोज वेरूळहून शहरात ये-जा करतात. ते म्हणतात, "वहिनी, ॲम्ब्युलन्स अडकलेली पाहिली की फुलं सुचत नाहीत." खोटं कसं म्हणू? दुभाजक चार-पाच मीटर रुंद असेल तर तिथं कामाची जागा निघू शकते. तो थोडा अरुंद करण्याचा विचार जरूर व्हावा. वळणापाशी झुडपं डोक्याएवढी वाढली तर मागून येणारं मूल दिसत नाही. ती छाटलीच पाहिजेत. आणि पाणी? ज्या शहरात वर्षानुवर्षे नळाला काही दिवसांआड पाणी आलं, तिथं टँकरनं झुडपं भिजताना पाहून कुठल्या गृहिणीचा जीव जळणार नाही? तेव्हा हिरवळीचे लाड नकोत. बोगनवेल, कण्हेर यांच्यासारखी थोड्या पाण्यावर जगणारी झाडं हवीत. (कण्हेर विषारी असते बरं का! म्हणून गुरं तिला तोंड लावत नाहीत. मुलांना मात्र तिची पानं-फुलं तोंडात घालू देऊ नका.)

या झाडांचा उपयोग केवळ शोभेचा नाही. रात्री समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर येतो, तो ही झुडपं अडवतात. दुभाजकामुळे समोरासमोरच्या टकरी टळतात. आणि पायी चालणाऱ्याला तो मध्ये घटकाभर आसरा देतो. गेल्या वर्षी सासूबाईंना डोळे तपासायला शहरात नेलं होतं. गुडघे दुखरे, दिसायचं अंधुक. अर्धा रस्ता ओलांडून आम्ही दोघी दुभाजकावर थांबलो, तेव्हा कुठे त्यांनी माझा दंड सोडला. तो कठडा नसता तर चार रांगा एका दमात ओलांडणं त्यांना जमलं नसतं. अशा थांब्यासाठी निदान सव्वा मीटरभर तरी रुंदी लागते. ती काढून घेणं म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांना नि लेकुरवाळ्यांना रस्ता बंद करणं.

रस्ता रुंद झाला की वाहनं वाढतात आणि तो पुन्हा भरतो, हा जगाचा अनुभव आहे. दक्षिण कोरियातल्या सेऊल शहरानं तर उलटंच केलं. २००३ ते २००५ या काळात भर शहरातला उंच मोटाररस्ता पाडून त्याखाली गाडलेला ओढा मोकळा केला. शहर काही ठप्प झालं नाही. लोकांनी बस, रेल्वे, दुसरे रस्ते धरले. आपल्याकडे २०२० साली सांगली जिल्ह्यात भोसे गावचा सुमारे चारशे वर्षांचा वड वाचवायला महामार्गाची आखणी बदलली. वेरूळच्या जुन्या वाटेवर दौलताबादचा दिल्ली दरवाजा आहेच. श्रावणात घृष्णेश्वराला गर्दी लोटली की तिथं खोळंबा ठरलेला. म्हणून काय दरवाजा पाडायचा? आळीपाळीनं गाड्या सोडायच्या!

२०२३ च्या फेब्रुवारीत महिलांच्या 'डब्ल्यू-२०' परिषदेसाठी परदेशी पाहुण्या आल्या, तेव्हा शहर झाडाफुलांनी सजलं होतं. पाहुण्यांसाठी जे शोभतं, ते घरच्या माणसांना जड का व्हावं?

शहरातलं झाड तोडायचं तर १९७५ च्या कायद्यानुसार परवानगी लागते, जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्या लागतात. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना जास्तीचं संरक्षण मिळालं. तेव्हा वर्तमानपत्रातली ती बारीक अक्षरातली नोटीस रद्दीत टाकण्याआधी वाचा. भिशीला किंवा हळदीकुंकवाला जमाल तेव्हा पाच जणींच्या सह्यांचं पत्र लिहा. पत्रात एवढंच विचारा: आधी कडेच्या गाड्या हलवल्या का? आणि दुभाजक गेल्यावर आमच्या सासूबाईंनी रस्ता कुठून ओलांडायचा?