किडनी येते कुठून?

भारतातल्या अवयव प्रत्यारोपणाचे आकडे पाहिले की आधी समाधानच वाटतं. २०१३ साली देशभरात सगळ्या अवयवांची मिळून ४,९९० प्रत्यारोपणं झाली होती. २०२३ साली तो आकडा १८,३७८ वर गेला. त्यांतली सुमारे १३,४०० एकट्या किडनीची. पण या किडन्या आल्या कुठून, असं विचारलं की चित्र पालटतं. दर दहा किडन्यांमधल्या आठांहून अधिक जिवंत माणसांनी, बहुधा घरातल्याच कुणीतरी दिलेल्या आहेत. मृत्यूनंतर अवयव देणारे दाते १४० कोटींच्या या देशात त्या वर्षी जेमतेम अकराशे होते, म्हणजे दहा लाख लोकांमागे एकसुद्धा नाही. स्पेनमध्ये त्या वर्षी हेच प्रमाण ४९च्या आसपास होतं. आपली वाढ खरी आहे, पण तिचा भार घराने उचललाय.

आणि घर म्हणजे कोण? २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत जिवंतपणी अवयव देणारे सुमारे साडेछप्पन्न हजार लोक होते. त्यांपैकी ३६ हजार स्त्रिया. त्याच काळात अवयव मिळालेल्या स्त्रिया मात्र १७ हजारच. यावर डॉक्टरमंडळी सांगतात, की पुरुषांची किडनी अधिक प्रमाणात निकामी होते आणि रक्तदाब-मधुमेहामुळे बरेच पुरुष दाते म्हणून अपात्र ठरतात. त्यात तथ्य आहे, पण एवढ्याने ही तफावत भरून निघत नाही. कमावत्याने शस्त्रक्रियेसाठी घरी बसायचं नाही, आणि आईने किंवा बायकोने ‘नाही’ म्हणायचं नाही, हा हिशेब घरात न बोलता झालेला असतो. कायद्याची समिती संमती तपासते. ‘नाही’ म्हणण्याची मुभा त्या बाईला होती का, हे कागदावर उतरत नाही. जिवंत दात्याची किडनी सरासरीने अधिक वर्षं टिकते, हा मुद्दाही मान्य. पण ज्याच्या घरात जुळणारा, निरोगी दाता नाही त्याने काय करायचं? त्याने आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसची खुर्ची गाठायची आणि यादीत थांबायचं. मरणोत्तर दात्यांत तर पुरुषच बहुसंख्य आहेत. म्हणजे ते दान वाढलं तर बायकांवरचा भार आपोआप हलका होईल.

मरणोत्तर दान का वाढत नाही, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे लोकांच्या अंधश्रद्धा. पुढच्या जन्मी अवयवाविना जन्मू ही भीती, देहाची विटंबना होईल ही समजूत. म्हणून ३ ऑगस्टला, अवयवदान दिनी, फेऱ्या निघतात, शपथा होतात, अर्ज भरले जातात. (त्या अर्जानंतरही प्रत्यक्षात कुटुंबाची संमती लागतेच.) पण केरळचं उदाहरण हे उत्तर खोटं पाडतं. तिथे २०१५ साली ७६ मरणोत्तर दाते होते. २०१८ साली उरले आठ. तीन वर्षांत मल्याळी समाज एकाएकी अंधश्रद्ध झाला नव्हता. मेंदूमृत्यू घाईने घोषित होतो असे आरोप खाजगी रुग्णालयांवर झाले, प्रकरण न्यायालयात गेलं, नियम कडक झाले, आणि मेंदूमृत्यू घोषित करण्यात डॉक्टरांनीच हात आखडता घेतला. गाडं अडलं ते आयसीयूच्या दारात.

तिथे नेमकं काय होतं? अपघातात किंवा मेंदूतल्या रक्तस्रावाने मेंदूचा देठ कायमचा बंद पडतो, हाच मेंदूमृत्यू. व्हेंटिलेटर आणि औषधांच्या आधारावर हृदय काही काळ धडधडत राहतं. अवयव वाचतात ते एवढ्याच अवधीत. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांनी, सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या करायच्या असतात. व्हेंटिलेटर थोडा वेळ काढून श्वास स्वतःहून येतो का हेही पाहायचं असतं. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला कुणी त्या चौघांत असू शकत नाही. डॉक्टर अवयवांसाठी माणूस मारतील, या शंकेला कायद्याने दिलेलं हे उत्तर भक्कम आहे. गोची वेगळीच आहे. आपल्याकडे मेंदूमृत्यू या कायद्याच्या चौकटीत, म्हणजे अवयवदानाच्या संदर्भात बघितला जातो. त्यामुळे ‘माणूस गेला’ आणि ‘अवयव देता का’ ही दोन वाक्यं नातलगांच्या कानावर जवळजवळ एकदमच पडतात. छातीची हालचाल डोळ्यांसमोर चालू असताना कुणाला संशय येणार नाही? केरळने पुढे २०२० साली नियमावली काढली, की दान होवो न होवो, मेंदूमृत्यूची तपासणी व्हावी. हे सगळ्या देशात व्हायला हवं.

काहींना वाटतं, नकार नोंदवला नसेल तर संमती गृहीत धरणारा कायदा करून टाकावा. स्पेनमध्ये तो १९७९ पासून आहे, पण दहा वर्षांनंतरही तिथलं प्रमाण दहा लाखांमागे १४च्याच आसपास होतं. १९८९ साली राष्ट्रीय संस्था उभी राहिली, रुग्णालयात आयसीयूच्या डॉक्टरांनाच समन्वयक नेमलं, त्यांना कुटुंबाशी बोलायचं प्रशिक्षण दिलं, तेव्हा आकडा चढू लागला. कुटुंबाला तिथे आजही विचारतात. आपल्याकडे २०२२ साली रस्ते अपघातांतच १.६८ लाख माणसं गेली. त्यांतले सगळे दाते होऊ शकत नाहीत, पण थोडे तरी व्हेंटिलेटरपर्यंत पोचले होतेच.

सर्वांत अवघड आक्षेप पैशाचा. दान करतो अपघातात गेलेल्या मजुराचा परिवार, आणि किडनी बसते खाजगी रुग्णालयाचं बिल भरू शकणाऱ्याला. हा आक्षेप खोडण्यासारखा नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली, हे बरं झालं. पण शरीराने किडनी नाकारू नये म्हणून औषधं जन्मभर लागतात, आणि ती थांबली की किडनी जाते. म्हणून सरकारी रुग्णालयांत प्रत्यारोपणाच्या सोयी आणि मोफत औषधं यांवरचा खर्च हा अवयवदानाचाच खर्च मानायला हवा. त्याच्या जोडीला, कोणत्या रुग्णालयाच्या आयसीयूत वर्षभरात किती मेंदूमृत्यू घोषित झाले, किती कुटुंबांना विचारलं गेलं आणि मिळालेल्या किडन्या कुठल्या रुग्णालयात गेल्या, हे रुग्णालयांच्या नावानिशी दरवर्षी जाहीर करावं.