वकिलाची सनद आणि अशिलाचा विश्वास

वकीलपत्रावर सही करितांना आपण वकिलाच्या हातीं काय काय सोपवितों, याचा विचार फार थोडे लोक करितात. कागद देतों, फी देतों, हें उघडच आहे. परंतु त्याबरोबर घरांतील भाऊबंदकी, कर्जाचा खरा आंकडा, दस्तऐवजांतील लंगडी बाजू, अशा सख्ख्या भावालाही न सांगितलेल्या गोष्टी आपण त्याच्यापुढें उघड्या करितों. हा विश्वास मोडला तर दाद कोठें मागावी, हें आज श्रोत्यांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. खटला हरला म्हणजे वकिलानें गैरवर्तन केलें, असें नव्हे. दोन पक्षांपैकीं एक हरणारच. प्रामाणिक चूक हीदेखील निराळी गोष्ट आहे. केवळ हयगय झाली, पण तिच्या मुळाशीं नैतिक खोट नाहीं, तर तें व्यावसायिक गैरवर्तन ठरत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६३ सालीं सांगितलें आहे.

मग गैरवर्तन म्हणावें तरी कशाला? मुंबईच्या एका वकिलानें अशिलाशीं असा करार केला कीं, दाव्यांत जी वसुली होईल तिचा निम्मा हिस्सा आपला. व्यापाऱ्याला यांत गैर दिसणार नाहीं. परंतु निकालांत ज्याची भागीदारी आहे, तो न्यायालयाला निःस्पृह साह्य काय करणार? १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हें वर्तन दोषार्ह ठरविलें. मुंबईच्याच फौजदारी न्यायालयांच्या दारांत पक्षकार दिसतांच त्याच्यावर झडप घालून काम मिळविणाऱ्या वकिलांचें प्रकरणही पुढें सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि १९७५ सालीं न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं त्या प्रकाराचा कडक शब्दांत निषेध केला. सामान्य माणसाला मात्र २००० सालचा एक निर्णय अधिक जवळचा वाटेल: फी थकली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडकवून ठेवतां येत नाहींत. फीसाठीं त्यानें निराळा दावा करावा. कागद परत केलेच पाहिजेत.

पूर्वीं हा अधिकार उच्च न्यायालयांकडे होता. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टानें तो राज्याच्या बार कौन्सिलकडे आला. आपल्याकडे ही संस्था महाराष्ट्र व गोवा या दोहोंची मिळून एकच आहे. वकिलांचा न्याय वकिलांनींच करावयाचा, हें ऐकून कोणी हंसेल, आणि तें हंसूं अगदींच निराधार आहे असेंही नाहीं. परंतु तिघांच्या शिस्त समितीला साक्षीदार बोलाविण्याचे, शपथेवर तपासण्याचे अधिकार दिवाणी न्यायालयाप्रमाणें आहेत. ती समज देऊं शकते, कांहीं काळ वकिली बंद ठेवूं शकते, किंवा पटावरून नांवच काढून टाकूं शकते. वर्षाच्या आंत निकाल झाला नाहीं तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातें. तेथें व शेवटीं सर्वोच्च न्यायालयांत अपिलाची सोय आहे. प्रत्येक वेळीं मुदत साठ दिवसांची.

आतां तमिळनाडूंतील एक प्रकरण सविस्तर सांगतों. एक वृद्ध, बहिरा गृहस्थ आणि त्याची वयस्क पत्नी. दोन वचनचिठ्ठ्यांवरील पैसे वसूल करण्यासाठीं त्यांनीं वकील केला. वकिलानें दावे दाखल केलेच नाहींत. मुदत टळून गेली. परंतु दावे चालूं आहेत, अमुक तारीख पडली, असें तो सांगत राहिला. पुढें तर हुकूमनामेही झाले असें त्यानें सांगितलें! त्या भरंवशावर बिचाऱ्यांनीं ऋणकोला नोटीससुद्धां पाठविली. राज्याच्या समितीनें सहा वर्षें वकिली बंद केली, अपिलांत तें एका वर्षावर आलें. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमतानें शिक्षेचें स्वरूपच बदललें: गरिबांना मोफत कायदेविषयक साह्य करण्याचें काम, आणि त्या वृद्धाला अडीच हजार रुपये. तिसऱ्या न्यायमूर्तींना मात्र असा हुकूम कायद्याच्या चौकटींत बसतो कीं नाहीं, याची शंका वाटली.

ती शंका मला अनाठायीं वाटत नाहीं. कलम ३५ मध्यें शिक्षा मोजून दिल्या आहेत. त्यांत नुकसानभरपाईचा उल्लेख नाहीं. पण नुसती सनद तहकूब होऊन त्या म्हाताऱ्याच्या पदरीं काय पडलें असतें? मुदतबाह्य झालेला दावा कांहीं त्यामुळें जिवंत होत नाहीं. शिस्तीची कारवाई ही धंद्याची अब्रू राखण्यासाठीं आहे, अशिलाचा तोटा भरून काढण्यासाठीं नव्हे. तोट्यासाठीं ग्राहक आयोगाकडे जावें, असें पुष्कळांना वाटे; परंतु १४ मे २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें वकिलाची सेवा त्या कायद्याबाहेर ठेविली. दिवाणी दाव्याचा मार्ग तेवढा मोकळा आहे.

म्हणून ज्याला तक्रार करावयाची आहे त्यानें आरंभींच दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवाव्या. बार कौन्सिलकडील अर्जाला फीच्या पावत्या, पत्रव्यवहार आणि न्यायालयांतील नोंदीच्या नकला जोडाव्या, कारण आरोप सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असून पुरावाही भक्कम लागतो. आणि दाव्याचा क्रमांक वकिलाकडून मागून घेऊन कचेरींत एकदां स्वतः पडताळून पाहावा. त्या वृद्ध जोडप्याला हें कोणीं वेळेवर सांगितलें नाहीं.