कमांड प्रॉम्प्ट न उघडणे : लक्षणे, निदान आणि उपाय

सारांश : विंडोज प्रणालीवरील संगणकात कमांड प्रॉम्प्ट उघडत नाही ही तक्रार वरवर एकच दिसते, तिच्यामागील कारणे मात्र परस्परांहून भिन्न असतात. लक्षणांचे नीट निरीक्षण करून क्रमाने निदान केल्यास संगणक फॉरमॅट करण्याची वेळ सहसा येत नाही, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : कमांड प्रॉम्प्ट, विंडोज, रजिस्ट्री, ग्रुप पॉलिसी, दोषनिदान.

प्रस्तावना

आज्ञा टंकित करून संगणकाकडून काम करवून घेण्याची खिडकी म्हणजे कमांड प्रॉम्प्ट होय. १९८१ साली आलेल्या एमएस-डॉस प्रणालीत 'कमांड डॉट कॉम' हा प्रोग्रॅम हे काम करीत असे. १९९३ च्या विंडोज एनटीपासून त्या परंपरेतील प्रणालींत ती जागा 'सीएमडी डॉट ईएक्सई' या प्रोग्रॅमने घेतली. चित्रे आणि माऊस यांच्या काळातही त्याची उपयुक्तता संपलेली नाही. प्रोग्रॅमिंगची प्रात्यक्षिके, नेटवर्कची तपासणी, फाइलींच्या प्रती काढणाऱ्या बॅच फाइली अशी अनेक कामे आजही त्याच्यावर अवलंबून आहेत.

ही खिडकी उघडेनाशी झाली की 'संगणक फॉरमॅट करा' हा सल्ला अनेकदा दिला जातो. प्राध्यापकाच्या संगणकावर संशोधनासाठी घेतलेल्या मुलाखती, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, प्रबंधाची प्रकरणे असा ऐवज असतो. त्याची दुसरी प्रत नसेल, तर हा सल्ला म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर असाच प्रकार ठरतो. म्हणून उपायापूर्वी निदान आवश्यक आहे. पुढील विवेचन विंडोज १० व ११ या प्रणालींना अनुसरून केले आहे. त्यातील आज्ञांचे उच्चार देवनागरीत दिले असले, तरी संगणकावर त्या रोमन लिपीतच टंकित कराव्यात.

दोष आहे की नाही?

प्रथम हे ठरविणे इष्ट आहे. 'आयपीकॉन्फिग'सारखा प्रोग्रॅम किंवा एखादी बॅच फाइल दोनदा क्लिक करून चालविली, तर काळी खिडकी क्षणभर दिसून नाहीशी होते. काम संपले म्हणून ती मिटते. हा दोष नव्हे. अशा वेळी आधी कमांड प्रॉम्प्ट उघडून मग त्यात ती आज्ञा द्यावी. येथेच गल्लत झाली, तर पुढचा सर्व खटाटोप साप साप म्हणून भुई धोपटण्यासारखा होतो.

त्यानंतर विंडोज कळ व 'आर' एकत्र दाबून 'रन'च्या चौकटीत 'सीएमडी' असे लिहावे. येथून खिडकी उघडली, पण स्टार्ट मेनूतून उघडत नसेल, तर मूळ प्रोग्रॅम शाबूत असून केवळ शॉर्टकट बिघडलेला आहे. नुसत्या नावाने ती उघडत नसेल, तर सी ड्राईव्हमधील 'विंडोज' फोल्डरातील 'सिस्टम ३२' येथे जाऊन मूळ फाइलच चालवून पाहावी. तेथून उघडल्यास प्रणालीला प्रोग्रॅमचा पत्ता सांगणारे 'पाथ' हे चल तपासावे. एखादे सॉफ्टवेअर बसविताना किंवा काढताना त्यातील मूळ नोंदी पुसल्या गेलेल्या असू शकतात.

तीन लक्षणे

यानंतरही अडचण राहिली, तर ती पुढील तीनपैकी कोणत्या रूपात दिसते हे पाहावे.

१) संदेश दिसतो : व्यवस्थापकाने कमांड प्रॉम्प्ट बंद केला आहे, अशा आशयाचा इंग्रजी संदेश येतो आणि कोणतीही कळ दाबताच खिडकी मिटते. हा बिघाड नसून बंदी आहे. रजिस्ट्रीतील 'डिसेबल सीएमडी' या नोंदीचे मूल्य १ असल्यास खिडकी व बॅच फाइली दोन्ही बंद होतात. २ असल्यास खिडकी बंद राहते, पण बॅच फाइली चालतात. ही नोंद वापरकर्त्याच्या खात्याशी निगडित असते. त्यामुळे एकाच संगणकावर विद्यार्थ्याच्या खात्यात खिडकी बंद आणि शिक्षकाच्या खात्यात चालू, असे घडू शकते. प्रयोगशाळेत अशी बंदी बहुधा हेतुपुरस्सर घातलेली असते. ती स्वतः मोडू नये. अध्यापनासाठी गरज असल्यास व्यवस्थापकाकडे रीतसर मागणी करावी. घरच्या संगणकावर कोणी बंदी घातलेली नसताना हा संदेश आला, तर मात्र घातक सॉफ्टवेअरचा संशय घेऊन संपूर्ण तपासणी करावी. विंडोजच्या 'एस मोड'मध्येही कमांड प्रॉम्प्ट वापरता येत नाही, हे येथे नोंदवावेसे वाटते.

२) खिडकी क्षणात मिटते : या लक्षणाचे एक सहज नजरेआड होणारे कारण म्हणजे रजिस्ट्रीतील 'कमांड प्रोसेसर' या शाखेखालील 'ऑटोरन' ही नोंद. कमांड प्रॉम्प्ट उघडताच या नोंदीत लिहिलेली आज्ञा आपोआप चालते. तीत किंवा तिने बोलाविलेल्या बॅच फाइलीत 'एक्झिट' ही आज्ञा असेल, तर खिडकी उघडता उघडताच मिटते. याची चाचणी सोपी आहे. 'रन'च्या चौकटीत 'सीएमडी' लिहून एक जागा सोडावी, तिरपी रेघ द्यावी व 'डी' हे अक्षर लिहावे. यामुळे ऑटोरन टाळले जाते. आता खिडकी टिकली, तर दोष सापडला असे समजावे. प्रस्तुत लेखकाच्या विभागातील एक संगणक याच कारणाने फॉरमॅट होण्याच्या बेतात होता. त्यावर एका सहकाऱ्याची क्षेत्रकार्याची चार वर्षांची सामग्री होती आणि दोष निघाला तो एका ओळीचा. ही नोंद वापरकर्त्याच्या व संपूर्ण यंत्राच्या अशा दोन्ही शाखांत पाहावी, आणि बदलण्यापूर्वी त्या शाखेची प्रत 'एक्स्पोर्ट' करून ठेवावी.

३) काहीच घडत नाही : येथे क्रमाने जावे लागते. प्रथम दुसऱ्या खात्यातून प्रयत्न करावा. तेथे खिडकी उघडली, तर दोष पहिल्या खात्यापुरता आहे. दोन्हीकडे उघडत नसेल, तर सेफ मोडमध्ये पाहावे. तेथे उघडल्यास नंतर बसविलेले एखादे सॉफ्टवेअर किंवा संरक्षक प्रोग्रॅम आड येत असण्याची शक्यता बळावते. विंडोज ११ मध्ये आज्ञेची खिडकी 'विंडोज टर्मिनल' या वेगळ्या ॲपमार्फत दाखविली जाऊ शकते. ते ॲप बिघडले, तर प्रोग्रॅम ठणठणीत असूनही खिडकी दिसत नाही. अशा वेळी सेटिंग्जमध्ये 'टर्मिनल' असे शोधून 'विंडोज कन्सोल होस्ट' हा जुना पर्याय निवडून पाहावा. रजिस्ट्रीतील 'इमेज फाइल एक्झिक्युशन ऑप्शन्स' या शाखेत सीएमडीच्या नावापुढे 'डीबगर' अशी नोंद असल्यास सीएमडीऐवजी भलताच प्रोग्रॅम चालविला जातो. अशी नोंद कोणी जाणीवपूर्वक केलेली नसेल, तर तीही घातक सॉफ्टवेअरची खूण मानावी.

प्रणालीच्या फाइलींची दुरुस्ती

वरील तपासण्यांत काही न आढळल्यास मूळ फाइलींचीच हानी झाली असावी, असे मानण्यास आधार मिळतो. दुरुस्तीच्या आज्ञा कमांड प्रॉम्प्टमध्येच द्यावयाच्या असतात, मग तोच बंद असता दुरुस्ती कशी करावी, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे पडतो. त्याचे उत्तर असे की, 'एसएफसी' आणि 'डीआयएसएम' हे दुरुस्तीचे प्रोग्रॅम सीएमडीचे भाग नाहीत. पॉवरशेल हा स्वतंत्र प्रोग्रॅम व्यवस्थापकाच्या अधिकाराने उघडून ते तेथूनही चालविता येतात. आधी 'डीआयएसएम'च्या 'रिस्टोअर हेल्थ' या पर्यायाने प्रणालीचा मूळ साठा दुरुस्त करावा, मग 'एसएफसी'च्या 'स्कॅन नाऊ' या पर्यायाने फाइली तपासाव्यात. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण एसएफसी बदली फाइली त्याच साठ्यातून घेते. तरीही यश न आल्यास वैयक्तिक फाइली व प्रोग्रॅम कायम ठेवून विंडोज पुन्हा बसविण्याचा पर्याय उपलब्ध असतो. तत्पूर्वीही फाइलींची प्रत बाह्य डिस्कवर काढावी.

निष्कर्ष

१) 'उघडत नाही' हे निदान नसून केवळ तक्रार आहे; संदेश, क्षणिक दर्शन आणि पूर्ण स्तब्धता ही तीन भिन्न लक्षणे होत.
२) बंदी आणि बिघाड यांत भेद करावा. बिघाड दुरुस्त करावयाचा असतो. बंदीविषयी विचारणा करावयाची असते.
३) शॉर्टकट, खाते, रजिस्ट्री, प्रणालीच्या फाइली असा सोप्याकडून अवघडाकडे क्रम ठेवावा आणि एका वेळी एकच बदल करावा.
४) फॉरमॅट हा पहिला नव्हे, तर अखेरचा उपाय होय.

आपल्या विषयात पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नये, असे आपण विद्यार्थ्यांना सांगत असतो. टेबलावरील संगणकाच्या बाबतीतही तीच शिस्त पाळली, तर कित्येक वर्षांचे श्रम एका चुकीच्या सल्ल्यापासून वाचू शकतील.